चौकोनातली ओळ

शकुबाईनं बोट ठेवलं ते नेमकं त्या चौकोनावर. बाकी सगळा कागद हातानं लिहिलेला, नक्कल करणाऱ्याच्या बारीक इंग्रजी अक्षरांत, आणि तळाशी पट्टीनं आखलेला एक चौकोन, त्यात एकच ओळ. मूळ कागदावर इथं रबरी शिक्का आहे हे कळावं म्हणून नक्कल करणारे असा चौकोन आखतात. शकुबाईला हे ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं. तिला एवढंच दिसलं होतं की एवढ्या मोठ्या कागदात या एकाच ओळीला घर आहे, तेव्हा हीच इथली मालकीण असणार. "बाबूजी," ती म्हणाली, "तुमी इंग्रजी वाचता असं दिसते. हे चौकटीतलं का लिवलं हाय, सांगा ना जरा. वकीलसाहेब म्हनते, सारं याच्यावरच हाय." कोर्टातला जुना कारकून केवळराम ओसरीतल्या बाकावर बसला होता. त्यानं कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "थांबा बाई, चष्मा पुसतो," तो म्हणाला, आणि धोतराच्या सोग्यानं चष्मा पुसत बसला. चष्मा स्वच्छ होता. ती ओळ वाचायला त्याला चष्म्याची गरजही नव्हती. बावीस वर्षं त्यानं तो शिक्का आपल्या हातानं मारला होता आणि खाली आपली सही केली होती. रेड ओव्हर टु द विटनेस अँड अ‍ॅडमिटेड टु बी करेक्ट.

बाईनं त्याला ओळखलं नव्हतं, हे एक बरं होतं. तिच्या लेखी तो चष्मा घातलेला, काळा कोट घातलेला, म्हणजे शिकलेला एक माणूस. आणि गंमत अशी की तिनं माणूस अगदी योग्य निवडला होता. साऱ्या चांद्यात इंग्रजीच्या त्या शेपटीवाल्या क्रियापदांबद्दल कुणाला काही अडलं, तर माणसं केवळरामकडे येत. तरुण वकील येत, मॅट्रिकला बसणारी पोरं येत, एकदा तर खुद्द एक साहेब निकालपत्र लिहिता लिहिता थांबले आणि त्यांनी चिठ्ठी पाठवली होती. त्याच्याकडे एक वही होती, पुठ्ठा दोनदा बदललेली. तिच्यात त्यानं एकेका क्रियापदामागं त्याची शेपटं ओळीनं लिहिली होती. पुट, आणि मग पुट अप, पुट ऑफ, पुट डाऊन, पुट अप विथ. एकाच बैलाला वेगवेगळ्या कासऱ्यानं वळवावं आणि तो दर वेळी निराळ्याच शेतात शिरावा, तसं ते होतं. त्या शेपटांचा त्याला अभिमान होता. घरात वाटण्या झाल्या तेव्हा भावांनी शेतं घेतली, यानं इंग्रजी घेतलं, असं त्याची बायको इंदिराबाई पाहुण्यांना सांगायची, आणि ते कौतुक आहे की टोमणा हे त्याला पस्तीस वर्षांत ठरवता आलं नव्हतं. आणि आता एक ढिवरीण, मासे विकून पोट भरणारी, त्याला साध्या 'रीड ओव्हर'चा अर्थ विचारत होती, आणि तो चष्मा पुसत होता.

"याच्यात लिहिलं आहे," तो शेवटी म्हणाला, "की हा जबाब साक्षीदाराला वाचून दाखवला." शकुबाईनं मान हलवली नाही. "कोनाले वाचून दाखवला?" "साक्षीदाराला. पत्रूला." "माह्या मालकाले? कवा?" तिनं कागद हळूच त्याच्या हातातून काढून घेतला, दोन घड्या घातल्या, पदराच्या गाठीत बांधला. "त्याह्यले विचारतो," ती म्हणाली आणि हापशाकडे गेली, तिथं पत्रू पाणी प्यायला गेला होता. केवळरामच्या बोटांना कागदाचा स्पर्श राहिला. ओसरीच्या पायरीवर ऊन चढत होतं. दुपारच्या सुटीनंतर पहिला पुकारा त्याच्याच नावाचा होणार होता.

काम दोन मिनिटांचं, असं सरकारी वकिलांनी त्याला सकाळी सांगितलं होतं. "केवळरामजी, मी विचारीन, शिक्का ओळखा. तुम्ही म्हणाल, हो. सही ओळखा. हो. जबाब वाचून दाखवला होता? हो. झालं. मग चहा घ्यायला चला." खटला पत्रूवर होता, खोट्या साक्षीचा. तीन वर्षांपूर्वी खालच्या कोर्टात त्यानं सांगितलं होतं, लटारूला सागवानाचे चोरटे ओंडके दोन डोंग्यांच्या मधे बांधून नदीपार नेताना मी पाहिलं. पुढं वरच्या कोर्टात उभा राहून त्यानं सांगितलं, नाई जी, मी माह्या डोळ्यानं नाई पाह्यलं. लटारू सुटला. वरच्या साहेबांनी पत्रूवर खटला भरायला सांगितलं, दोनातलं एक खोटं आहेच म्हणून. आता सगळं उरलं होतं ते पहिल्या जबाबावर. तो त्याला वाचून दाखवला असेल आणि त्यानं कबूल केला असेल, तर पत्रू तुरुंगात जाणार. वाचून दाखवला नसेल, तर तो कागद पत्रूचा बोल ठरत नाही, खटला तिथंच बसतो. आणि मग उभा राहतो दुसरा प्रश्न, की न वाचलेल्या कागदावर वाचल्याचा शिक्का मारून सही करणारा हा इसम कोण. केवळरामच्या नोकरीचे आठ महिने उरले होते.

वाचून दाखवला नव्हता. हे त्याला ठाऊक होतं, आणि जगात आणखी फक्त पत्रूला ठाऊक होतं. खालच्या कोर्टाचे साहेब तेव्हा दौऱ्यावर होते, नदीकाठच्या एका डाकबंगल्यात कोर्ट भरलं होतं. एका दिवसात अकरा साक्षीदार. साहेब परप्रांतातले, त्यांना झाडीतली बोली समजत नसे, म्हणून साक्षीदार बोलायचा, केवळराम ते इंग्रजीत सांगायचा, साहेब लिहायचे. पत्रू उभा राहिला आणि त्यानं सुरुवात केली ती आदल्या संध्याकाळच्या जाळ्यापासून. पाणी किती उतरलं होतं, जाळं कुठं बांधलं, पहाटे घाटावर आला तेव्हा रेतीत ओंडके ओढल्याच्या खुणा कशा होत्या, एक डोंगा उंबराला कसा बांधला होता, तो लटारूचा होता, त्याच्या फळीला डांबराचा डाग आहे, आणि मग पाणी भरणाऱ्या बाया काय बोलत होत्या, की लटारूनंच नेले, दोन डोंग्यांच्या मधे बांधून नेले. त्या लोकांची सांगायची रीतच तशी आहे. ते घाटावर उतरल्याशिवाय नदीत शिरत नाहीत. साहेबांनी घड्याळ पाहिलं. "व्हॉट डिड ही सी?" त्यांनी विचारलं. आणि केवळरामनं त्या सगळ्या लांबलचक पहाटेचं एक वाक्य केलं. जाळं गेलं, पाणी गेलं, रेतीतल्या खुणा गेल्या, घाटावरच्या बाया गेल्या. लटारू राहिला, ओंडके राहिले आणि पत्रूचे दोन डोळे राहिले. छान सुटसुटीत वाक्य होतं. साहेबांनी ते न खोडता उतरवून घेतलं, आणि केवळरामला तेव्हा, खरं सांगायचं तर, बरं वाटलं होतं.

शिक्के तर सकाळीच मारून झाले होते. ही त्याची जुनी युक्ती. कोर्ट सुरू व्हायच्या आधी कोऱ्या कागदांच्या तळाशी ओळीनं शिक्के मारून ठेवायचे, म्हणजे दुपारी खोळंबा होत नाही, शाई वाळलेली असते, अंगठा चिकटत नाही. आरमोरीकडे जाणारी शेवटची मोटार साडेतीनला सुटायची. ती चुकली तर या लोकांना डाकबंगल्याच्या आवारात उपाशी रात्र काढावी लागे. ते सगळे दारात येऊन उभे राहत, बाबूजी सोडा जी, मोटार जाते. त्यानं पाच जणांचे अंगठे एका दमात घेतले. पाचातला एक पत्रू. त्यात दुष्टपणा कुठं होता? दयाच होती, असं त्यानं स्वतःला तीन वर्षांत पुष्कळदा सांगितलं होतं, आणि दर वेळी ते थोडं कमी पटलं होतं.

काल संध्याकाळी त्यानं इंदिराबाईला सांगितलं. ती सुपात तांदूळ निवडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं, तोपर्यंत हात थांबला नाही. मग तिनं विचारलं, "त्याले लेकरं किती?" हे त्याला माहीत नव्हतं. कागदावर ते कुठं नव्हतं. "मंग का माहीत हाय तुमाले?" ती म्हणाली आणि सूप घेऊन आत गेली.

रीड ओव्हर. तो बाकावर बसून ते दोन शब्द तोंडातल्या तोंडात घोळवू लागला. वहीत त्याचं पान होतं. रीड आऊट म्हणजे मोठ्यानं वाचणं. रीड अप म्हणजे एखाद्या विषयाचा नीट अभ्यास करणं. रीड इनटू म्हणजे कागदात नसलेलं त्यात वाचणं. आणि रीड ओव्हर म्हणजे सुरुवातीपासून शेवटापर्यंत वाचणं. हे पान त्यानं इंग्रजी शिकवणाऱ्या शमुवेल मास्तरांकडे बसून लिहिलं होतं, एकोणीसशे अठरा साली. मास्तर तापानं फणफणले होते, त्या वर्षी गावोगाव माणसं मरत होती, आणि तरी ते खाटेवर बसून छातीवर जाड कोश घेऊन त्याला शिकवत होते. रीड या शब्दाचा मूळ अर्थ वाचणं हा नव्हेच, ते म्हणाले होते. शेकडो वर्षांपूर्वी इंग्रज लोक रीड म्हणायचे सल्ला देण्याला, कुणाचं स्वप्न उलगडून सांगण्याला, कोडं सोडवण्याला. मग अक्षरं आली. तीही एक कोडंच वाटली असतील बिचाऱ्यांना, म्हणून तोच शब्द अक्षरांना लागला. आणि ओव्हर म्हणजे वरून, पलीकडे, या काठावरून त्या काठाला. मास्तरांनी खाटेवरच हातानं नदी काढून दाखवली होती, हा काठ, हा काठ. "एकाजवळ आहे आणि दुसऱ्याजवळ नाही, ते पार पोचवायचं. मधे सोडायचं नाही," ते म्हणाले. पंधरा वर्षांच्या केवळरामला ते फार आवडलं होतं. त्यानं ते जसंच्या तसं लिहून घेतलं, खाली दोन रेघा ओढल्या. आठवड्यानं मास्तर गेले. पुढं नोकरी लागली, शिक्का हातात आला, त्यावर तेच दोन शब्द होते, आणि या माणसाला बावीस वर्षांत एकदाही त्या पानाची आठवण झाली नाही. शिक्क्यावरचे शब्द कुणी वाचत नाही, मारणारा तर नाहीच. आता आठवण झाली, आणि ती नको तिथं बोचली.

"रामराम बाबूजी." समोर पत्रू उभा होता. तीन वर्षांत तो वाळला होता, गळ्याजवळची हाडं वर आली होती. मागं शकुबाई. "तुमीच होते ना जी, बंगल्यावर? मी दुरूनच वळखलो." केवळराम उठून उभा राहिला. का उठला ते त्यालाच कळलं नाही, साक्षीदारासाठी तो आजवर कधी उठला नव्हता. "बसा बसा," पत्रू म्हणाला आणि स्वतः खाली पायरीवर टेकला. "हे इचारून राह्यली, तुले वाचून दाखवलं होतं का म्हून. म्या म्हटलं, गडबड होती बाई, मोटार होती. बाबूजीचा का दोष." शकुबाई आता केवळरामकडे पाहत होती. आता तिनंही ओळखलं होतं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त पाहत होती, पाण्यात जाळं टाकून बसलेलं माणूस पाहतं तसं. "लेकरं किती तुम्हाला?" केवळरामनं विचारलं. "तिघं," पत्रू म्हणाला. "थोरली चंदा, तिचं जमून राह्यलं होतं, मंग हे झालं न थांबलं. तळ्याच्या मासोळीत आमचा हिस्सा बी नाई आता. लटारू म्हनते, तू माह्यं नाव घेतलं. म्या नाई घेतलं जी. बायाचं बोलनं सांगितलं, तेवढंच." तो हे तक्रार म्हणून सांगत नव्हता. पाऊस कमी झाला म्हणावं तशा आवाजात सांगत होता, आणि म्हणूनच ते ऐकवत नव्हतं.

केवळराम त्यांच्यापासून दूर, ओसरीच्या दुसऱ्या टोकाला गेला. समजा वाचून दाखवलं असतं, त्यानं स्वतःशी वाद घातला, तर काय झालं असतं? पत्रू म्हणाला असता, हो जी. सगळे म्हणतात, हो जी. सुरुवातीच्या वर्षांत तो खरोखर वाचून दाखवायचा, ओळ न् ओळ, त्यांच्या बोलीत, आणि शेवटी सगळे हात जोडून हो जी म्हणायचे आणि अंगठा पुढं करायचे. मग वाचायचं कशाला? कुणासाठी? हा मुद्दा चांगला होता. कुठल्याही वकिलानं उचलला असता. पण त्या मुद्द्याच्या मधोमध गुणाबाई येऊन बसली. कुठली कोण म्हातारी, एकोणीसशे अडतीसची, बकरीच्या भांडणातली साक्षीदार. त्यानं जबाब वाचून दाखवला आणि ती म्हणाली, "नाई रे बाप्पा. म्या पांढरी नाई म्हटली, काळी म्हटली. पांढरी तं मेली मागच्या साली." सगळं कोर्ट हसलं होतं. साहेबांनी वैतागून खोडलं आणि काळी लिहिलं. बावीस वर्षांत एकच गुणाबाई. आणि पत्रू दुसरी गुणाबाई ठरला असता की नाही, हे आता कधीच कळणार नव्हतं, कारण ते कळायची जागा त्यानं सकाळीच शाईनं बुजवून टाकली होती. भीती वाटत होती, नोकरीची, शिपायांच्या हसण्याची, वर्षानुवर्षं केवळरामजी केवळरामजी म्हणणाऱ्या तोंडांची. पुकारा झाला.

पिंजऱ्याशेजारी तो हजारदा उभा राहिला होता, आत कधी नव्हे. कठड्याचं लाकूड माणसांच्या हातांनी गुळगुळीत झालं होतं हे त्याला आज कळलं. समोर नवे साहेब, तरुण, देशावरून बदलून आलेले, स्वभावानं मऊ. त्यांच्याखाली कागद घेऊन बसला होता तो खुशाल नावाचा कारकून, केवळरामनंच हाताखाली घेऊन तयार केलेला. शपथ झाली, पुढचं कामकाज इंग्रजीत. शिक्का ओळखा. ओळखतो. सही? माझी. सरकारी वकील चष्मा काढून पुसत, जवळजवळ जांभई देत म्हणाले, "हा जबाब तुम्ही साक्षीदाराला वाचून दाखवला होता?"

केवळरामनं पत्रूकडे पाहिलं नाही. त्यानं कठड्याकडे पाहिलं. "नाही," तो म्हणाला.

सरकारी वकिलांचा हात थांबला. साहेबांनी मान वर केली. "केवळरामजी, नीट आठवा. तीन वर्षं झाली, रोजचे पाच-दहा जबाब. नक्की काय झालं ते आता आठवत नाही, असं म्हणायचंय का तुम्हाला?" आवाजात दया होती. दार उघडलं होतं आणि पलीकडे घर होतं, आठ महिने होते, इंदिराबाई होती. केवळरामनं तोंड उघडलं पण आवाज फुटेना. साहेबांनी क्षणभर वाट पाहिली, मग मान डोलावली आणि लिहिलं. खुशालनं कागद उचलला, कठड्यावर ठेवला आणि टाक पुढं केला. "करा भाऊ सही," तो हळू म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत सुटका होती, आपल्या गुरूची आणि थोडी आपलीही. कागदाच्या तळाशी शिक्का होता. शाई वाळलेली होती. सकाळी मारलेली.

केवळरामनं टाक घेतला नाही. "आधी वाचून दाखवा," तो म्हणाला.

"भाऊ, तुमचंच बोलणं आहे."

"म्हणूनच."

खुशालनं साहेबांकडे पाहिलं, साहेबांनी खूण केली. खुशाल वाचू लागला. शिक्का माझा आहे. सही माझी आहे. जबाब वाचून दाखवला की नाही, हे मला आता स्मरत नाही. आपलं न बोललेलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून, आपलं म्हणून, ऐकायला कसं वाटतं ते केवळरामला चोपन्नाव्या वर्षी कळलं. वाक्य छान सुटसुटीत होतं. "साहेब," तो म्हणाला, "मी असं बोललो नाही. मी नाही म्हणालो. मला स्मरतं. शिक्का सकाळीच मारला होता. आणि साक्षीदार जे बोलला त्यातलं बरंच मी सांगितलंच नाही. कापलं."

साहेबांनी टाक खाली ठेवला. "तुम्ही काय बोलताय त्याचा अर्थ ठाऊक आहे ना तुम्हाला?"

अर्थ. आज हे दुसऱ्यांदा त्याला विचारलं जात होतं. "ठाऊक आहे," तो म्हणाला. "साहेब, एक परवानगी द्या. हे इंग्रजीत झालं, पत्रूला काही कळलं नाही. त्याला त्याच्या बोलीत सांगू द्या."

साहेबांनी मान हलवली. केवळराम वळला आणि त्यानं सुरुवात केली ती आदल्या संध्याकाळच्या जाळ्यापासून. पाणी किती उतरलं होतं, ते. रेतीतल्या खुणा, उंबराला बांधलेला डोंगा, फळीवरचा डांबराचा डाग. घाटावरच्या बाया काय म्हणाल्या, ते. मग साहेबांचं घड्याळ, आपलं एक वाक्य, सकाळचे शिक्के, पाच अंगठे. कुणी त्याला थांबवलं नाही. बोलता बोलता त्याच्या तोंडात ती बोली परत आली, नोकरीत येण्याआधीची, घरची. "आन् तुले वाचून नाई दाखवलं," त्यानं शेवट केला. "बरोबर हाय का, पत्रूभाऊ?"

पत्रूनं लगेच हो जी म्हटलं नाही. तो विचार करत उभा राहिला. त्याला असं कुणी कधी विचारलं नव्हतं. मागच्या बाकावर शकुबाईनं पदराची गाठ मुठीत धरली होती.

"नाई जी," पत्रू म्हणाला. "बाकी बरोबर हाय. पन एक रायलं. मोटार जाईन म्हून मीच तुमच्या मांगं लागलो होतो, अंगठा घ्या न सोडा म्हून. बाबूजीनं आपल्या मनानं नाई केलं. ते बी लिवा."

साहेबांनी नव्या कागदासाठी खुशालकडे हात पुढं केला. खुशालनं गठ्ठ्यातला वरचा कागद काढला, त्याच्या तळाशी पाहिलं आणि ठेवून दिला. दुसरा काढला, तोही ठेवला. बिनशिक्क्याचा कागद शोधायला त्याला थोडा वेळ लागला.